मामाची मुलगी आणि १/१६

अहिल्यानगरसह दख्खनच्या पठारावरील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात तिची चर्चा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध आहे. रूढी असेल तर मुभा.

अशा जोडप्याच्या बाळाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता १/१६ असते. सदोष प्रत एकच असेल तर माणूस बहुधा ठणठणीत राहतो. दोन्ही सदोष आल्या, की थॅलेसेमिया किंवा काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा उद्भवतो. एक प्रत बापाची, एक आईची. तरी बोल लागतो तो सुनेलाच, हे फार अन्यायाचं आहे.

एरवी २-३ टक्के असणारा जन्मदोषाचा धोका इथे जवळपास दुप्पट होतो. बहुतेक बाळं निरोगीच जन्मतात, म्हणून ‘आमच्यात चालतं’ हे खरं वाटत राहतं.

दोघंही थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के, पहिलं मूल निरोगी असलं तरीही. वाहकपण एचबीए-२ या रक्ततपासणीत सहसा कळतं. ती सुपारी फुटण्याआधीच करून घ्यावी.