५००००१ ची उकल

हैदराबादच्या अबिड्समधल्या मुख्य टपाल कचेरीचा पिन ५००००१. पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती रचली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. पहिले तीन अंक पत्र हैदराबादपर्यंत आणतात, शेवटचे तीन नेमकी कचेरी सांगतात. गणिती गुण पाहून हा आकडा कुणी निवडलेला नाही. तरी नुसती संख्या म्हणून तिच्याकडे पाहावं, कागद-पेन्सिल पुरते.

शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ६, म्हणून ३ नं भाग जातो. ही युक्ती शाळेत पाठ होते, पण कारण समजलं की ती आपली होते. एक लाख म्हणजे ९९,९९९ अधिक १. म्हणून ५,००,००१ म्हणजे ९९,९९९ ची पाचपट आणि वर ५ + १. पाचपटीला ३ नं आणि ९ नंही भाग जातो. उरलेल्या ६ ला फक्त ३ नं. ९ नं भाग जात नाही, हे पुढे कामी येईल.

भागाकार १,६६,६६७. याला ७, ११, १३ नं भाग जातो का? तिघांचा गुणाकार १००१, म्हणून एकदाच तपासायचं: १००१ ची १६६ पट काढून टाकली की उरतात ६६७ वजा १६६, म्हणजे ५०१. त्याला तिघांपैकी कुणानंच भाग जात नाही. मग १७, १९, २३ असं एकेक. थांबायचं कुठे? ४०९ चा वर्ग १,६७,२८१, आपल्या संख्येहून मोठा. ती दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यांतली एक ४०९ हून लहान हवीच. म्हणजे ४०१ पर्यंतच्या ७९ मूळ संख्या पुरेत. काम चिकाटीचं आहे. १६७ पाशी तर बाकी अवघी १ उरते! पण नि:शेष भाग एकीनंही जात नाही. १,६६,६६७ ही मूळ संख्याच. म्हणून ५,००,००१ ला विभाजक चारच: १, ३, १,६६,६६७ आणि ती स्वतः.

आता देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची रीत लावू. अंक उतरत्या क्रमानं लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्यांत, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ येते. आपल्याकडे ५,१०,००० वजा १५ म्हणजे ५,०९,९८५, पुढे ९,४२,६५१, मग ८,४०,८५२. तिथून ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४, ४,२०,८७६, ८,५१,७४२, ७,५०,८४३ आणि पुन्हा ८,४०,८५२. सात संख्यांचं हे चक्र अखंड फिरतं.

५,००,००१ मात्र त्यात परत कधीच येणार नाही. वजाबाकीतल्या दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून ९ नं भागल्यावर बाकीही तीच. वजाबाकीला ९ नं भाग जाणारच, आणि ५,००,००१ ला तो जात नाही.