भावाच्या रकान्याला कुलूप, आणि कुणी हात लावला की मोबाईलवर मेल

वरवंडला हायवेलगतच्या माझ्या दुकानात पाइप-फिटिंगचे सगळे भाव एका गुगल शीटमध्ये असतात. बिल तिथूनच निघतं. मागच्या उन्हाळ्यात अडीच इंची पाइपचा भाव 640 चा 460 झाला. काउंटरवरच्या पोराचे आकडे उलटे पडले, बाकी काही नाही. माझी खरेदीच 585 ची. तीन दिवसांत 22 नग गेले, म्हणजे खिशातले 2750 रुपये. माल गेलेला, ओळखीचे शेतकरी, फोन करून कोण पैसे मागणार?

मी आधी पोराला बोललो. पण चूक माझी होती. शीट सगळ्यांना उघडी ठेवली होती मी.

इथं दोन वेगळी कामं आहेत आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात. बदल कोण करू शकतो हे एक. बदल झाला तर मला कळतं का हे दुसरं.

पहिलं सोपं. डेटा मेनूत जाऊन भावाचा रकाना प्रोटेक्ट करा आणि ठरावीक माणसांनाच परवानगी द्या. तिथं 'फक्त इशारा दाखवा' असाही पर्याय असतो, तो घेऊ नका. घाईत माणूस ओके दाबून मोकळा होतो.

दुसऱ्यासाठी ॲप्स स्क्रिप्ट. ही जावास्क्रिप्टच आहे. तिच्यात व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. डब्यात कुणीही थेट हात घालू नये म्हणून 'सेटर' ठेवता येतो. नवी किंमत आधी त्याच्या हातात जाते, तो तपासतो, मग आत ठेवतो किंवा परत पाठवतो. शीटमध्ये असं अडवायचं काम प्रोटेक्शन करतं, आणि वर्दी द्यायचं काम 'ऑनएडिट' नावाचं फंक्शन. सेल बदलला की ते आपोआप चालतं आणि कुठला सेल, जुनी किंमत काय, नवी काय हे हातात देतं.

मी इथंच दोन रात्री अडकलो. नुसतं ऑनएडिट लिहिलं तर मेल जातच नाही, कारण मेलला तुमची परवानगी लागते आणि साध्या ट्रिगरला ती मिळत नाही. फंक्शनला वेगळं नाव द्या, डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हातून 'ट्रिगर' जोडा, मग चालतं. साध्या जीमेलवरून दिवसाला 100 जणांनाच मेल जातात, आपल्याला तेवढे पुष्कळ.

अजून थोडं. एकदम दहा सेल पेस्ट केले तर जुनी किंमत मिळत नाही. फॉर्म्युल्यानं आकडा बदलला तर ट्रिगर हलतच नाही, म्हणून पाळत मूळ आकड्यावर ठेवा. आणि 'कोणी बदललं' हे मेलमध्ये बऱ्याचदा रिकामं येतं. त्यासाठी सेलवर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा.

पूर्ण कोड व्हिडिओत टाईप करून दाखवलाय. आता पोराकडे फक्त स्टॉकचा रकाना. भावाला परवानगी माझी आणि वडिलांची. वडिलांना कुलूप कसं लावणार? जुना गिऱ्हाईक आला की ते भाव पाडतात, आणि मी पुण्यात माल भरत असलो तरी मेल वाजतो.