समुद्राजवळचं कॉटेज आणि पाहुण्यांचा कुत्रा: हिशोब कसा मांडायचा?

किहीम, नागाव, काशीद या पट्ट्यात कॉटेज काढायचं म्हटलं की पहिली अडचण गर्दीची. सगळ्यांकडे एसी, सगळ्यांकडे पापलेट थाळी, सगळ्यांकडे झोपाळा. मग गिऱ्हाईक तुमच्याकडेच का येईल? एक उत्तर सांगतो: कारण त्याला कुत्र्यासकट यायचंय.

या माणसाची अडचण समजून घ्या. कुत्र्याला कुठे ठेवायचं हे ठरत नाही, म्हणून त्याची सुट्टीच रद्द होते. बोर्डिंगमध्ये ठेवायला मन होत नाही. आणि 'पेट्स अलाउड' वाचून गेलं की कळतं, कुत्रा पार्किंगमध्ये बांधायचा! मुंबईहून यायचं म्हणाल, तर मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आहे. गाडी चढते, कुत्राही चढतो, साधारण तासाभरात मांडवा.

आता हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. रात्रीचं भाडं ४,००० धरा. शनिवार-रविवारच्या ८ रात्री कशाही भरतील, ३२,००० आले. खरा प्रश्न मधल्या वारांचा. लॅपटॉप घेऊन, कुत्रा घेऊन तीन रात्री राहणारे दोन पाहुणे महिन्यात मिळाले, तरी ६ रात्री म्हणजे २४,००० जास्तीचे. (म्हणून वायफाय आणि इन्व्हर्टर आधी, पेंटिंग-बिंटिंग नंतर.) जास्तीचा खर्च म्हणजे सोफ्यावरचे केस, चादरींची वेगळी धुलाई, साफसफाईच्या मावशींचे दोन तास. हे काम पाहुणे गेल्यावर एकदाच होतं. त्यामुळे कुत्र्याचा चार्ज रात्रीमागे लावू नका, मुक्कामामागे एकदा लावा, समजा ५००. रात्रीमागे लावलात तर तीन रात्रींचं गिऱ्हाईक एका रात्रीवर येतं. डिपॉझिट मात्र वेगळं घ्या, आणि खोली ताब्यात देताना फोटो काढून त्यालाच पाठवा. परत देताना वाद होत नाही.

पैसे कुठे घालायचे? कुंपणात. आपला जांभ्याचा गडगा कंबरेएवढा असतो, लॅब्रेडॉर तो सहज ओलांडतो. पलीकडे शेजाऱ्यांच्या कोंबड्या! एक कोंबडी मेली की गावात तुमचं नाव खराब, आणि धंदा तर गावाच्या जिवावरच करायचाय. गडग्यावर जाळी लावून उंची पाच-साडेपाच फूट करा, गेटखालची फट बुजवा. आतमध्ये गुळगुळीत टाइल्स नकोत, कुत्र्याचे पाय घसरतात. खडबडीत फरशी बरी, आणि बाहेर पाय धुवायला एक नळ.

वाडीत झावळ्यांचे आणि दगडांचे ढीग ठेवू नका. कोकणात अशा जागी फुरसं बसतं आणि कुत्रा आधी नाक घालतो. पावसाळ्यात गोचिडांचा त्रास असतो. जवळच्या पशुवैद्यांचा नंबर भिंतीवर लावा, आणि रात्री फोन उचलतात का ते आधी विचारून ठेवा.

किनाऱ्यावर पट्टा सक्तीचा करा. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर अशा ठिकाणी हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि मोकळी कुत्री ती उकरतात. तुमचं कॉटेज तिकडे असेल तर हा नियम अजिबात सैल करू नका. दुपारची वाळू पायाचे पंजे भाजते, म्हणून फिरायची वेळ सकाळ-संध्याकाळच सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात: पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणीची चौकशी करा. समुद्राकडे भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करणार असाल तर सीआरझेडचे नियम लागतात. वीट रचण्याआधी हे तपासा, नंतर नाही.

ज्यांच्याकडे एकाच व्हरांड्याला लागून चार खोल्या आहेत, त्यांनी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या खोलीत लहान मूल घाबरलं तर दोन्ही गिऱ्हाईकं जातात. स्वतंत्र कॉटेज असेल तरच करा, नाहीतर अख्खी जागा एकाच ग्रुपला द्या.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांना नाही म्हणायचं का? मी म्हणेन, वजन विचारू नका. बुकिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर तीनच गोष्टी विचारा: रेबीजची लस कधी दिली (पुस्तिकेचा फोटो मागा), अनोळखी माणसावर धावतो का, आणि तुम्ही जेवायला बाहेर गेलात तर तो एकटा राहतो की भुंकत बसतो? तिसऱ्याचं उत्तर 'भुंकतो' आलं, तर जेवण कॉटेजवरच देऊ असं लगेच सांगा. त्या थाळीचं बिलही तुमच्याकडेच होतं.