स्वतःच स्वतःला परकं वाटणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आरशातला चेहरा ओळखीचा असतो, पण आपला वाटत नाही. पेपर लिहिणारा हात आपोआप चालल्यासारखा वाटतो. स्वतःपासून तुटल्याच्या या अनुभवाला डिपर्सनलायझेशन म्हणतात. आजूबाजूचं जगच खोटं, काचेपलीकडचं वाटू लागलं तर ते डिरिअलायझेशन. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत हे दोन्ही अनुभव एकाच विकारात धरले आहेत.

गैरसमज १: ही वेड लागण्याची सुरुवात आहे.
वस्तुस्थिती: रुग्णाला सर्वांत जास्त छळते ती हीच भीती. पण स्किझोफ्रेनियात भ्रम खरा वाटतो. इथे ‘मी यंत्रासारखा झालोय’ म्हणणाऱ्याला आपण यंत्र नाही हे पक्कं ठाऊक असतं. वास्तवाचं हे भान शाबूत असणं, ही या निदानाची अटच आहे.

गैरसमज २: असं फार थोड्यांना होतं.
वस्तुस्थिती: सलग जागरण, जबर ताण, अपघात किंवा पॅनिक अटॅक आला की काही क्षण असं वाटू शकतं. जवळपास निम्म्या प्रौढांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. तो आजार नव्हे. तो सतत राहिला किंवा पुन्हा पुन्हा येऊन अभ्यास, नोकरी, नाती विस्कटू लागली, तर विकार म्हणतात. त्याचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के आहे. स्त्री-पुरुषांत ते सारखंच असतं. सुरुवात बहुधा सोळाव्या वर्षाच्या आसपास होते.

गैरसमज ३: हा बाहेरचा प्रकार आहे किंवा अंगात दुसरं कुणी आहे.
वस्तुस्थिती: यात दुसरी ओळख तयार होत नाही आणि मधला काळ आठवणीतून पुसलाही जात नाही. अंगारा-धुपाऱ्यात फक्त वेळ जातो.

गैरसमज ४: काही वाटतच नाही म्हणतो, म्हणजे नाटक करतोय.
वस्तुस्थिती: हा बधिरपणा मोजता येतो. क्लेशकारक चित्रं दाखवली की एरवी तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो. प्रयोगांत या रुग्णांमध्ये हा प्रतिसाद कमी आढळला. मेंदूचा पुढचा भाग भावनांच्या केंद्रांना जास्तच दाबून धरत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. आणि काहीच न जाणवण्याचं दुःख मात्र रुग्णाला पुरेपूर जाणवतं.

गैरसमज ५: एक गोळी घेतली की संपलं.
वस्तुस्थिती: या विकारासाठी खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर औषधं दिली जातात. मुख्य भर मानसोपचारावर, विशेषतः कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीवर असतो. ‘अजून तसंच वाटतंय का?’ हे दर घडीला तपासत राहिलं की त्रास वाढतो. ही सवय मोडायला थेरपीत शिकवतात. गांजाने आराम पडेल ही समजूत तर उलटीच, कारण कित्येकांचा त्रास गांजानंतरच सुरू झालेला असतो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच असं होऊ लागलं तर अपस्मारासारखं शारीरिक कारण नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावं.

घरातलं कुणी ‘मी मीच नाही असं वाटतंय’ म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरवूही नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत बोलता येतं, तेही मराठीतून.