कातडीवरची अक्षरं : लेवीय १९:२८ कसं वाचायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की ज्यू माणसानं टॅटू काढून घेतला तर त्याला ज्यूंच्या दफनभूमीत पुरत नाहीत, हे खरं का? थोडक्यात उत्तर आधी देतो. नाही. असा नियम हिब्रू शास्त्रातही नाही आणि तालमूदमध्येही नाही. ही ऐकीव गोष्ट आहे. गोंदण्याला मनाई आहे ती मात्र खरी. पण ती नेमकी कशाला आहे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

ही मनाई एकाच वचनात आहे. 'लेवीय' या पुस्तकाचा अध्याय १९, वचन २८. त्याचे दोन भाग आहेत. मेलेल्या माणसासाठी अंगावर वार करून घेऊ नका, हा पहिला. अंगावर 'केतोवेत काअका' करू नका, हा दुसरा. शेवटी परमेश्वर स्वतःचं नाव सांगतो. आता 'केतोवेत' सोपं आहे. क-त-व हा धातू 'लिहिणे' या अर्थाचा. आजच्या इस्रायलमध्ये पत्त्याला 'क्तोवेत' म्हणतात ते त्यातूनच. अडचण आहे ती 'काअका'ची. हा शब्द संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये फक्त इथेच येतो. एकदाच आलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून आणि पुढच्या काळातल्या वापरावरून लावावा लागतो. म्हणजे आपण भाषांतरात 'गोंदणे' वाचतो तो भाषांतरकाराचा निर्णय असतो. बरोबर निर्णय आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण मराठी माणूस 'गोंदण' म्हटल्यावर आपलं गोंदण डोळ्यापुढे आणतो. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती. वचनकर्त्यापुढे तुळस नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

मग काय होतं? नेहमीचं उत्तर असं, की शेजारच्या लोकांची सुतकाची चाल. पहिल्या भागापुरतं हे पटतं. यिर्मयाच्या ४१व्या अध्यायात ऐंशी माणसं दाढ्या भादरून, कपडे फाडून, अंगावर वार करून परमेश्वराच्याच मंदिराकडे अर्पणं घेऊन निघालेली दिसतात. चाल शेजाऱ्यांची असेल, पण घरातही होती. दुसऱ्या भागात मात्र 'मेलेल्यासाठी' हे शब्द नाहीत. हुएनरगार्ड आणि लीबोविट्झ या दोन अभ्यासकांनी २०१३ साली एका लेखात वेगळा अर्थ मांडला : ही मनाई गुलामांवर मालकाची खूण करण्याच्या प्रथेशी जोडलेली आहे. मला हा अर्थ जास्त पटतो, आणि का ते सांगतो.

नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर ज्यू सैनिकांची वसाहत होती. तिथले अरामी भाषेतले पपायरस सापडले आहेत. इसवी सनपूर्व ४१० च्या एका कागदात दोन भाऊ मेलेल्या आईचे गुलाम वाटून घेतायत. साधा वाटणीपत्राचा कागद, आपल्याकडे होतो तसाच. त्यात गुलामाची ओळख दिली आहे ती त्याच्या उजव्या हातावरच्या अक्षरांवरून : 'मिब्ताहियाचा'. मिब्ताहिया म्हणजे ती आई. बघा, घर ज्यू आहे आणि गुलामाच्या हातावर मालकिणीचं नाव आहे.

आता यशयाचा ४४वा अध्याय घ्या. कुणी एक आपल्या हातावर 'परमेश्वराचा' असं लिहील, असं पाचव्या वचनात येतं. (काही जण 'आपल्या हातानं लिहील' असंही वाचतात, तोही अर्थ निघू शकतो.) धातू तोच, क-त-व. आणि रचना तीच, जी त्या वाटणीपत्रात होती : अमक्याचा. लेवीय ज्याला नको म्हणतं त्याची उपमा यशया आनंदानं वापरतो, हे कोडं वाटतं. पण प्रश्न 'कातडीवर रंग का' असा नसून 'तू कुणाचा' असा असेल, तर कोडं बरंचसं सुटतं.

रब्बींनाही हे जाणवलं होतं. इसवी सन २००च्या सुमाराच्या मिश्नामध्ये 'मक्कोत' नावाचा भाग आहे. बहुमत सांगतं, नुसतं लिहिलं तर दोष नाही, नुसतं टोचलं तर दोष नाही. टोचून त्यात शाई भरली, ठसा राहिला, की दोष. काय लिहिलं ते महत्त्वाचं नाही. रब्बी शिमोन यांच्या नावानं दिलेलं मत वेगळं आहे : तिथे 'नाव' लिहिलं तरच दोष. कुणाचं नाव? तालमूदमध्ये हा प्रश्न विचारलाय, आणि उत्तर आहे, परक्या देवाचं. बाराव्या शतकात मायमोनिडीस कारण देतो ते ह्याच अंगाचं : मूर्तिपूजक आपल्या दैवताला विकलेला गुलाम असल्यासारखी खूण करून घेत. पण कारण गुलामीचं देऊनही तो नियम मात्र बहुमताचाच ठेवतो. फूल गोंदा, आकडा गोंदा, मनाई आहेच. कारण हा नियमाचा अर्थ असतो, नियमाची मर्यादा नसते, असं त्याचं म्हणणं दिसतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी यावर वर्षानुवर्षं वाद घातला आहे, आणि अजूनही मला ते पूर्ण पचलेलं नाही.

ते का पचत नाही, ते आउशवित्झमुळे. तिथे कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले जात. प्रीमो लेवीचा आकडा होता १७४५१७. त्याने पुढे लिहिताना लेवीयच्या या मनाईची आठवण काढली आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं या माणसांवर दोष नाही. १६व्या शतकातल्या शुल्हान आरूखमध्ये स्पष्ट आहे, की दुसऱ्यानं केलं आणि तुम्ही मदत केली नाही तर तुम्ही मोकळे. तिथपर्यंत ठीक. पण इस्रायलमध्ये काही नातवंडांनी आजी-आजोबांचा तोच आकडा स्वतःच्या हातावर गोंदून घेतला. २०१२ साली त्यावर एक माहितीपटही आला. बहुमताच्या नियमानं नातू दोषी. रब्बी शिमोनच्या मतानं नाही, कारण आकडा हे कुठल्या देवाचं नाव नव्हे. आणि गुलामीच्या कारणानं पाहिलं तर? मालकाची खूण तो मालकाला नाकारण्यासाठी घेतोय, असं मी म्हणेन. मायमोनिडीस मला परवानगी देणार नाही, हे माहीत असूनही म्हणेन.

याच अध्यायात, नऊ वचनं आधी, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका असं आहे. तिथे तर कारणच दिलेलं नाही. ते पुढच्या वेळी घेऊ.