गांधीबागेची कमाई, तीन एकराची पेरणी

तूर निघाली, चना घरात आला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या वावरात उन्हाळ्याचे दोन महिने फारसं काम राहत नाही. नांगरट, वखरणी, धुरे साफ करणं, काडीकचरा वेचून जाळण्याऐवजी खड्ड्यात टाकणं, एवढंच. आणि नेमक्या याच दिवसांत नागपूरच्या गांधीबागेत पाय ठेवायला जागा नसते. लग्नसराई असते. इकडे हात रिकामे आणि तिकडे हात कमी, असा हा मेळ आहे. म्हणूनच परीक्षा संपली की कुही, उमरेड, भिवापूर, मौदा या भागातली पोरं पिशवी घेऊन गांधीबागेचा रस्ता धरतात.

गांधीबाग म्हणजे ठोक कापडाचा बाजार. एका अंगाला सेंट्रल अव्हेन्यू, दुसऱ्या अंगाला इतवारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचेच नव्हे तर छिंदवाडा, बालाघाटचे दुकानदारही इथून माल भरतात. आपल्या गावच्या बाजारात दिसणारी साडी, आहेराचं लुगडं, ब्लाउजपीस, टोपी-दुपट्टा यातलं पुष्कळसं आधी इथल्या एखाद्या पोटमाळ्यावर पडून राहिलेलं असतं. तो माल पोटमाळ्यावरून खाली आणणारे, उलगडून दाखवणारे आणि पुन्हा घडी घालणारे हात कोणाचे, हे मात्र घेणाऱ्याला ठाऊक नसतं.

कृषी विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना कुही तालुक्यातल्या अशाच एका पोराशी ओळख झाली. २०२५ चा उन्हाळा त्यानं गांधीबागेत काढला. अठरा वर्षं पूर्ण झालेली, बारावी कॉमर्सची परीक्षा दिलेली, घरी तीन एकर कोरडवाहू. "नाव नका छापू जी, शेठ वाचते पेपर," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं. म्हणून नाव, गाव आणि दुकान तिन्ही इथं दिलेलं नाही.

दिवस कसा जातो

तो पारडीला मावशीकडे राहायचा. मावशीनं पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या बापानं दहा किलो तुरीची डाळ आणि तांदळाचं एक कट्टं पाठवून दिलं. आपल्याकडे हिशेब असाही होतो. सकाळी नऊला डबा बांधून सायकलवर निघायचं. डोक्यावर मेट्रो धावते, डिसेंबर २०२२ मध्ये ती प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. हा तिच्या पुलाच्या सावलीला धरून सायकल मारायचा. "तिकिटाचे पैसे वाचले अन् सावली फुकट," असं त्याचं गणित.

दुकानात गेलं की आधी झाडलोट, गादीची चादर झटकून पांघरणं, माठ भरणं. मग माल. ट्रान्सपोर्टहून आलेली गठाण हातगाडीवरून उतरवायची, शिवण उसवायची, नग मोजायचे, बिलाशी ताडून पाहायचे. गिऱ्हाईक बसलं की शेठ नुसता आवाज देणार, आणि यानं शिडी चढून नेमकं तेच थान खाली आणायचं. एक गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडायला लावतं आणि पाच घेतं. उरलेल्या पंचेचाळीसांची घडी पुन्हा जशीच्या तशी बसली पाहिजे. घडी मोडली की माल जुना दिसतो, आणि जुना दिसला की भाव पडतो.

"पयल्या आठवड्यात पाठ भरून आली," तो सांगत होता. "वावरात वाकून काम असते, इथं वर पाहून काम असते. मान दुखे जी."

दुपारी बारा ते तीन पोटमाळा म्हणजे भट्टी. टिनाखाली हवा हलत नाही. नागपूरच्या उन्हाची ओळख वेगळी करून द्यायला नको. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. माल चढवणं-उतरवणं सकाळी उरकावं आणि दुपारी खालच्या घड्यांचं काम करावं, हे शहाणपण तिथल्या जुन्या हमालांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं. संध्याकाळी पार्सलं बांधायची, त्यावर गावाचं नाव घालायचं. सुटायला आठ-साडेआठ व्हायचे.

पोरीही या कामात मागे नाहीत. मोठ्या दुकानांत साड्या दाखवायला मुली असतात. शिवाय सराईत फॉल-पिकोचं काम एवढं निघतं की घरी मशीन असलेल्या बायका-पोरी रात्री उशिरापर्यंत पाय थांबवत नाहीत.

कापूस आपला, कापड दुसऱ्याचं

या पोराच्या बापाची दोन एकर पऱ्हाटी. पण पोरगा सांगत होता की त्यानं दोन महिन्यांत हाताळलेल्या साड्यांपैकी सुती फारच थोड्या. बहुतेक सुरतेचा माल, म्हणजे कृत्रिम धाग्याचा. कापूस पिकवणाऱ्याचं पोरगं पॉलिस्टर विकत होतं! त्याच्या मायच्या अंगावरचं लुगडंही तेच. स्वस्त पडतं, लवकर वाळतं, धुतल्यावर चुरगळत नाही. बाईमाणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

एकेकाळी हा मेळ जुळलेला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली, ती आपला कापूस जवळ म्हणूनच. कोष्टी समाजाचे हातमाग होते. मिलमध्ये गेलेला माणूस पगार घरी पाठवायचा आणि त्यातून वावरात बी पडायचं. मिलचे भोंगे बंद झाले. इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर, नागभीडला जाणारी छोटी गाडीही २५ नोव्हेंबर २०१९ पासून रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. आता एसटी नाही तर कोणाची दुचाकी. वाट बदलली, पण गावच्या पोरानं शहरात कमवायचं आणि घरच्या शेतीला हात द्यायचा, ही रीत काही बदललेली नाही.

कमाईचा ताळेबंद

१५ एप्रिल ते १० जून, मधल्या आठ सुट्ट्या आणि गावच्या एका लग्नाचा खाडा वजा जाता कामाचे दिवस भरले ४८. रोज ३५० रुपये. एकूण १६,८०० रुपये. सायकलचा टायर-ट्यूब, चप्पल, मोबाईल, चहापाणी यात १,८०० गेले. हाती राहिले १५,००० रुपये.

आता त्यांचं काय झालं ते पाहू. २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची केंद्रानं ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. दोन एकराला चार पाकिटं, ३,६०४ रुपये. डीएपीच्या दोन बॅगा १,३५० प्रमाणे २,७०० रुपये. युरियाच्या दोन बॅगा २६६ रुपये ५० पैशांप्रमाणे ५३३ रुपये. एकूण ६,८३७ रुपये. तिसऱ्या एकरात घरचंच सोयाबीन. उरलेले ८,१६३ रुपये उमरेडला बी.कॉम.च्या प्रवेशासाठी आणि पुस्तकांसाठी.

हा हिशेब लहान दिसतो. पण हे ६,८३७ रुपये नसते तर बापानं कृषी केंद्रातून उधार उचल केली असती. उधारीत घेणाऱ्याला वाण निवडता येत नाही. दुकानदार देईल ते पाकीट घ्यावं लागतं, दिवाळीत कापूस घरात आला की त्याच्याच काट्यावर न्यावा लागतो, आणि भाव बोलायला तोंड राहत नाही. रोखीनं घेणारा शेतकरी बिल मागतो, पाकिटावरची तारीख वाचतो, बी खराब निघालं तर तक्रार करू शकतो. पोराच्या दोन महिन्यांच्या घामानं बापाला ही ताठ मान मिळाली.

पाऊस लवकर आला तेव्हा

खरी परीक्षा मे महिन्यात होती. ५ मे ला दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. तो त्यानं शिडीवर उभ्याउभ्याच मोबाईलवर पाहिला. पास झाला. शेठनं पेढे मागवले आणि दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "कॉलेज कशाला करतोस? कायमचा राह, महिन्याला दहा हजार देतो."

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. २०२५ चा मान्सून २४ मे लाच केरळात आणि २६ मे ला मुंबईत दाखल झाला. बातम्या घरोघर पोचल्या. आमच्या भागातही अवकाळीनं माती ओली केली होती. बापाचा फोन गेला, "पोरा, पाऊस लागला, निघून ये. लोकं पेरून रायले." तेव्हा तो निघून आला असता तर कामाचे तेरा दिवस, म्हणजे साडेचार हजारांवर रुपये बुडाले असते.

त्या आठवड्यात गावातल्या सभेत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो. आपल्या भागात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत पेरू नका. कपाशी फार लवकर लावली तर गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं, आणि पावसानं ताण दिला तर दुबार पेरणी गळ्यात पडते. त्याच्या बापानं ऐकलं. मोकळ्या वेळात त्यानं घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले आणि सात-आठ दिवसांत किती उगवले ते मोजले. सत्तरच्या वर निघाले, म्हणजे बी चालण्यासारखं. पोराला त्यानं निरोप दिला, "दहा तारखेपर्यंत थांब."

पुढे मान्सून विदर्भाच्या उंबरठ्यावर अडून बसला, आणि जूनच्या मध्यापर्यंत त्यानं वाट पाहायला लावली. ज्यांनी मेच्या ओलीवर बी टाकलं ते आभाळाकडे पाहत बसले. हा पोरगा १० जूनला शेठचा नमस्कार घेऊन निघाला, वाटेत बी-खत पक्क्या बिलावर घेतलं, आणि पाऊस धरला तेव्हा बापासोबत तिफणीमागे होता.

जाणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी

हे सगळ्यांचंच असं गोड होत नाही. दोन महिन्यांसाठी गेलेला पोरगा शाळा सोडून तिथंच राहिला, अशी उदाहरणं गावोगाव आहेत. महिन्याला हातात येणारे दहा हजार अठराव्या वर्षी फार मोठे वाटतात. पंचविसाव्या वर्षी तेवढेच राहिले की लहान वाटू लागतात. तोवर कॉलेजचं दार मागे पडलेलं असतं. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्या.

वय पहिलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुकानात कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पूर्ण बंद आहे, मग सुट्टी असो की नसो. दहावी व्हायच्या आधी पोराला धाडूच नये. दुसरं, मजुरी. आमच्या या पोराला मिळालेले साडेतीनशे रुपये महापालिका हद्दीतल्या किमान वेतनापेक्षा कमीच होते. लग्नसराईत हातांना मागणी असते, तेव्हा तोंड उघडून मागायला लाजू नये. पैसे दर आठवड्याला घ्यावे, शेवटी एकदम नको. आणि कामाचे दिवस स्वतःच्या वहीत मांडावे. या पोरानं मांडले होते, म्हणून शेवटी दोन दिवसांचा फरक निघाला तेव्हा वही दाखवून तो मिटला.

तिसरं, ऊन. मीठ-साखरेचं पाणी, डोक्याला दुपट्टा, दुपारी पोटमाळा नको. घाम थांबला, डोकं गरगरलं की काम सोडून सावलीत बसावं आणि सोबत्याला सांगावं. मेयो हॉस्पिटल तिथून जवळच आहे. एका दिवसाची मजुरी जिवापेक्षा मोठी नाही.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, परतीची तारीख. गुढीपाडव्याला सालगडी ठेवताना आपण किती काटेकोर असतो! रोख किती, धान्य किती, कपडे किती, पायातला जोडा कोणाकडून, सुट्ट्या किती, हे चार माणसांसमोर बोलून घेतो. परक्या माणसाचा वर्षाचा करार असा पक्का, आणि स्वतःच्या पोराला शहरात पाठवताना मात्र "जाय, पाह्य काय होते ते," एवढंच म्हणतो. त्यालाही चार गोष्टी ठरवून द्या. कमाईतलं किती वावराचं, किती त्याच्या शिक्षणाचं, आणि कोणत्या तारखेला तो घरी येणार, हे निघायच्या आधी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि त्याखाली बापानंही सही करावी.