‘काँफियाँस’ : एका सनदी फ्रेंच जहाजाची हकीकत

चांचा कोण आणि सनदी लढवय्या कोण, हा भेद तरवारीनें ठरत नाहीं, कागदानें ठरतो. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे, म्हणून ‘काँफियाँस’ या फ्रेंच जहाजाची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

युद्धकाळीं यूरोपांतील राजसत्ता खाजगी जहाजमालकांस शत्रूचीं व्यापारी जहाजें धरण्याची सनद देत. धरलेलें जहाज न्यायसभेपुढें मांडून ती लूट कायदेशीर ठरवून घ्यावी लागे. सनद नसेल तर तोच पराक्रम चांचेगिरी ठरण्याची भीति असे. सें-मालोचा कप्तान रोबेर सुर्कूफ यास हा अनुभव आरंभींच आला. इ. स. १७९६ त त्यानें बंगालच्या उपसागरांत इंग्रज कंपनीचें ‘ट्रायटन’ जहाज धरलें. परंतु जवळ सनद नसल्यामुळें मॉरिशस येथील फ्रेंच अधिकाऱ्यांनीं ती लूट जप्त केली. पॅरिसपर्यंत दाद मागितली, तेव्हां कोठें त्यास मोबदला मिळाला.

‘काँफियाँस’ हें बोर्दो येथें १७९७ त बांधलेलें, १८ तोफांचें शीघ्रगामी जहाज. १८०० त तें सुर्कूफच्या हाताखालीं आलें, आणि त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं बंगालच्या उपसागरांत कंपनीच्या ‘केंट’ जहाजाशीं त्याची गांठ पडली. केंट आकारानें व तोफांनीं वरचढ होतें. शिवाय ब्राझीलच्या किनाऱ्यावर जळालेल्या ‘क्वीन’ जहाजावरील माणसेंही त्यावर घेतलेलीं होतीं. तोफांच्या मारानें निभाव लागणार नाहीं हें ओळखून सुर्कूफनें आपलें जहाज केंटास भिडविलें आणि माणसें वर चढविलीं. हातघाईंत कप्तान रिव्हिंग्टन पडला व केंट फ्रेंचांच्या हातीं गेलें.

पुढें १८०५ च्या जून महिन्यांत स्पेनमधील मुरोस बंदरांत यिओ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हेंच जहाज धरलें. इंग्रजांनीं त्याचें नांव बदललें नाहीं. १८०९ त फ्रेंचांचें केयेन ठाणें घेण्याच्या कामीं तें इंग्रज निशाणाखालीं उपयोगी पडलें, आणि १८१० त विकलें गेलें. काँफियाँस या शब्दाचा अर्थ ‘विश्वास’ असा आहे! १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यानें त्यावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांपुरता हा सनदी धंदाच बंद झाला.

आतां घरचा दाखला. इंग्रजी दफ्तरांत कान्होजी आंग्रे यांस चांचा म्हटलें आहे. वस्तुतः ते शाहू छत्रपतींचे सरखेल होते, आणि कोंकण किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांस त्यांचें दस्तक घ्यावें लागे. राज्याच्या सरखेलाचा अधिकार खाजगी कप्तानाच्या सनदेहून निराळा व थोर, हें खरें. तथापि दोहोंचें प्रमाण कागदच. ‘चांचा’ हा फिर्यादीचा शब्द आहे, निकालाचा नव्हे. म्हणून जुन्या रुमालांत एखादें जीर्ण दस्तक आढळल्यास संग्राहकांनीं तें चिटोरें समजून टाकूं नये, इतकीच आमची विनंति आहे. प्रतिपक्षाच्या शब्दास उत्तर देणारा साक्षीदार कदाचित् तोच असेल.